सुटा बोल्ट

वुडलँड्स, सिंगापूर
रविवार, २ मार्च २०१४

चि. यादवास,
जय भीम आणि अनेक आशीर्वाद.

सांगणारी मी, लिहिणारा माझा नातू सारंग. तेव्हा अक्षर सुंदर दिसलं तर माझं कौतुक करू नकोस, आणि मजकूर आगाऊ वाटला तर त्याला बोल लावू नकोस.

जान्हवी म्हणाली, आजोबा म्हणतात फोन करा. कशाला करू? मागच्या वेळी मी इकडे घसा फुटेस्तोवर ओरडले, समोरच्या फ्लॅटमधली चिनी शेजारीण दार उघडून बघायला आली, आणि तू तिकडून म्हणालास, "अजून नळाला पाणी नाही." मी विचारलं होतं तुझा गुडघा कसा आहे. फौजेत तीस वर्षं बंदुका दुरुस्त करून कान देऊन आलास, आता नातीला मध्ये घालून काय बोलायचं? पत्रात निदान दोघांनाही सारखंच ऐकू येतं.

आमचं बरं चाललं आहे. सारंग रोज पहाटे कंपनीच्या बसने जुरोंग आयलंडला जातो. त्या बेटावर नुसत्या रिफायनऱ्या, आणि आत शिरायला मुंगीलाही पास लागत असावा. प्रणिता बँकेच्या कॉम्प्युटरवर घरूनच काम करते, म्हणजे दिवसभर कुणाशी तरी इंग्रजीत भांडते. मी तिची भाजी निवडते आणि कोण जिंकलं ते विचारते.

आता मुद्द्यावर येते, नाहीतर सारंग पेन खाली ठेवेल.

सारंगला सहा महिन्यांपासून नवीन नाद लागला आहे. एक काठी, खाली ताटली, कानाला मशीन. ती ताटली वाळूवरून फिरवायची, खाली लोखंड असलं की मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखी ओरडते. त्याला मेटल डिटेक्टर म्हणतात. दर रविवारी हा चांगीच्या समुद्रकाठी जाऊन वाळू झाडतो. आतापर्यंत बिअरच्या डब्यांची झाकणं, पाच-पन्नास नाणी आणि एक चमचा एवढी कमाई झाली. प्रणिता म्हणते, लग्नाला सात वर्षं झाली, यांना घरातले मोजे सापडले नाहीत कधी.

पण गेल्या रविवारी त्याने एक गंजलेला तुकडा आणला. दांडा आहे, दांड्याला बाजूला मूठ, मुठीच्या टोकाला गोल लट्टू. मी हातात घेतला आणि मला तुझी आठवण झाली. रजेवर यायचास तेव्हा माझं लाटणं आणि उलथनं घेऊन रायफल कशी उघडतात ते दाखवायचास, आणि माझ्या पोळ्या करपायच्या. मी सारंगला म्हणाले, हे बंदुकीचं आहे. तेव्हापासून त्याच्या जिवाला चैन नाही.

इथे बंदुकीच्या बाबतीत कायदा फार कडक आहे म्हणतो. बंदुकीचं असेल तर पोलिसांना सांगावं लागेल, नसेल तर उगाच कशाला? त्याचा कामाचा पास एप्रिलअखेर संपतो, नव्यासाठी कागद गेले आहेत. पोलिसांत नाव गेलेल्या माणसाला त्या बेटावर पाऊल टाकू देत नाहीत, असं त्याने मनाशी घेतलं आहे. फोटो फोनवर पाठवू देत नाही. इंटरनेटवर बंदूक हा शब्द टाइप करायलासुद्धा भितो. म्हणून चपलेसाठी पायाचं माप काढतात तसा तो तुकडा कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवली आहे. तू बघ आणि सांग, हे काय आहे.

लवकर लिही. मला काही नाही, पण हा जेवत नाही नीट.

तुझी वहिनी,
शांताबाई

ता. क. यादव आजोबा, चित्र सोबत जोडलं आहे. हा बोल्ट सुटा सापडला आहे, बाकी काही नाही. आजी थोडं वाढवून सांगते. — सारंग


सातारा
गुरुवार, १३ मार्च २०१४

ती. वहिनींस,
सविनय जय भीम.

पत्र काल मिळालं. गुडघा बरा आहे. नळाला पाणी कालपासून येतं.

तुम्ही पोळ्या करपल्याचं सांगितलंत, पण त्या तुम्हीच मला वाढल्या आणि मी खाल्ल्या, हे सांगितलं नाहीत.

चित्र पाहिलं. वहिनी, तुमची ओळख बरोबर आहे. थ्री-नॉट-थ्री रायफलचा बोल्ट. तो लट्टू मी तीस वर्षं तळहातात धरला आहे, डोळे मिटून सांगेन. लढाईच्या काळात त्या भागात या रायफली पुष्कळ होत्या, तेव्हा वाळूत सापडणं नवल नाही.

एक गोष्ट खटकली. चित्र फार सुबक आहे. तुमच्या हाताची रेघ मला माहीत आहे. जान्हवीच्या बारशाला तुम्ही काढलेलं कमळ आम्ही सगळे कोबी समजलो होतो. हे पट्टी लावून काढलेलं दिसतं.

आता सारंगसाठी. सुटा बोल्ट म्हणजे नुसतं लोखंड. त्यात धोका नाही. पंधरा दिवस तेलात बुडवून ठेव, मग शिकंज्यात धरून लाकडी हातोडीने मुठीवर हलके ठोक, म्हणजे गंजाचा पापुद्रा सुटेल. मुठीच्या मुळाशी नंबर असतो. तो वाचता आला तर मला कळव. म्हाताऱ्याची हौस समज.

पण लक्षात ठेव, सुटा असला तरी तो बंदुकीचाच भाग आहे. पोलिसांना द्यायचाच आहे. माझ्या नंबरासाठी थांबू नकोस, आधी त्यांना सांग. जितका उशीर करशील तितके प्रश्न वाढतील. सापडला त्या दिवशी सांगणारा माणूस आणि महिन्याने सांगणारा माणूस, यांच्याकडे कुठल्याही ठाण्यात एका नजरेने बघत नाहीत.

आणि बाकीचं अंग, म्हणजे बोल्ट ज्यात बसतो तो सांगाडा किंवा नळी, सापडलं असेल तर गोष्ट वेगळी. मग वर लिहिलेलं काही करू नकोस. आधी मला विचार.

वहिनी, तुमची परवानगी मे महिन्यात संपते ना? या लवकर. इथे माझी चेष्टा करायला कोणी उरलेलं नाही.

आपला,
यादव


वुडलँड्स
सोमवार, २४ मार्च २०१४

चि. यादवास,
आशीर्वाद.

आज प्रणिता लिहिते आहे. सारंग कामावर गेला आहे आणि हे पत्र जाईपर्यंत त्याला कळायचं नाही. नवऱ्याच्या पाठीमागे लिहायचं म्हणून ती सारखी दाराकडे बघते आहे. अक्षर वाकडं आलं तर समजून घे.

तुझं पत्र शनिवारी आलं. सारंगने वाचून दाखवलं. दोन पानं, दोन्ही बाजूंनी लिहिलेली. ती त्याच्या हातात मी मोजली. मी गॅसवर चहाचं आधण ठेवलं होतं. त्याला उकळी फुटायच्या आत याचं वाचून संपलं. मला अक्षर ओळखता येत नाही, पण तुझ्या पत्राला किती वेळ लागतो ते मला माहीत आहे. तू एवढ्या थोडक्यात कधी आटपला नाहीस. सारंगच्या लग्नात मंगलपरिणय झाल्यावर दोन शब्द बोलायला उभा राहिलास, तेव्हा वरण गार झालं होतं.

म्हणून आज प्रणिताला तेच पत्र पुन्हा वाचायला लावलं. तिने वाचलं तेव्हा मला दोनदा पाणी प्यावं लागलं.

पोलिसांना सांग, हे त्याने वाचलंच नव्हतं. चित्र सुबक आहे, हेही नाही. बाकीचं अंग सापडलं तर विचार, हेही नाही. फक्त तेल, हातोडी आणि नंबर एवढंच वाचलं. गुडघ्याचं मात्र वाचलं, म्हणजे मला संशय येऊ नये.

आता खरं ऐक. मी पहिल्या पत्रात काय सांगितलं होतं? की दांडा एका सांगाड्यात बसलेला आहे, गच्च, हलत नाही. पुढे तीन बोटं नळी आहे, ती वाळूने बुजली आहे. सगळं मिळून माझी एक वीत आणि वर चार बोटं, वजनाला खलबत्त्यातला बत्ता. त्याने सुटा लिहिलं. मी पेन्सिल फिरवलेला कागद बाजूला ठेवून त्याने स्वतः फक्त बोल्टचं चित्र काढून पाठवलं.

त्याला विचारलं नाही. पण प्रणिताला त्याने एवढं सांगितलं आहे की तुकडे वेगळे केले की बंदूक उरत नाही, नुसतं भंगार उरतं. मग एकेक तुकडा वेगवेगळ्या कचरापेटीत टाकायचा. नवा पास आला की विषय संपला. चोरी केली नाही, कुणाला मारलं नाही, आणि वागतो आहे चोरासारखा. रात्री लिफ्ट वाजली तरी उठून बसतो.

इथल्या फ्लॅटमध्ये लोखंडी दाराची एक खोली असते, वरून बॉम्ब पडला तर लपायला. लोक तिथे कांदे आणि सुटकेसा ठेवतात. आमच्याकडे तिथेच बादलीत तेल आहे आणि तेलात ते आहे. पंधरा दिवस रविवारी, सहा एप्रिलला भरतात. शिकंजा विकत आणला आहे. लाकडी हातोडीही आली.

मला तू लाटण्यावर शिकवलेलं आठवतं: हातात घेतली की आधी उघडायची, आत काय आहे ते बघायचं, मग बाकीचं. हे तर उघडतच नाही. मग आत काय आहे ते कोणी बघितलं? मी त्याला तेवढंच म्हणाले की ठोकू नकोस. तो म्हणाला, यादव आजोबांनीच लिहून दिलं आहे.

तर यादव, माझ्या बोलण्याला इथे वजन नाही, तुझ्या कागदाला आहे. तुझ्या हाताने लिही, ठोकायचं की नाही. या वेळी कागदावर तुकडा मी स्वतः धरून रेघ काढली आहे. कोबी दिसला तरी तो खरा आहे.

वहिनी


सातारा
गुरुवार, ३ एप्रिल २०१४

ती. वहिनींस,

पत्र आज अकराला मिळालं. हे पत्र तुम्हाला रविवारच्या आत मिळणार नाही, हे मला कळतं. तरी लिहितो, कारण हात स्वस्थ बसत नाहीत.

तुमची वाकडी रेघ पाहिल्यावर मी उभा राहिलो. वहिनी, बोल्ट बंद आहे. बंद बोल्टच्या पुढे चेंबर असतो, चेंबरमध्ये गोळी बसते. आत गोळी आहे की नाही हे बाहेरून देवाला, म्हणजे आपण मानत नाही त्यालासुद्धा, सांगता येणार नाही. सत्तर वर्षं पाण्यात असली तरी मेली असेलच असं नाही. शिकंज्यात धरून हातोडी मारणं म्हणजे हातावर मारणं. आणि हातोडीचं मी लिहिलं आहे. माझ्या अक्षरात.

जान्हवीला कॉलेजातून बोलावून घेतलं. प्रणिताचा फोन बंद होता. सारंगने उचलला. जान्हवीने सांगितलं तसं त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, हो, ते मी कधीच टाकून दिलं, आजोबांना सांग काळजी करू नका. जान्हवीला पटलं. मला त्याचा आवाज ऐकू येत नाही, म्हणूनच कदाचित मला पटलं नाही.

पंधरा दिवस रविवारी भरतात, तेव्हा तो घरी असणार. रविवारी सकाळी मी स्वतः बोलणार आहे. ऐकता येत नसलं तरी बोलता येतं.

एक गोष्ट मी तुम्हाला कधी सांगितली नाही. आज नाही लिहीत. हातोडी आधी थांबू दे.

यादव


वुडलँड्स
मंगळवार, ८ एप्रिल २०१४

चि. यादवास,
आशीर्वाद.

प्रणिता लिहिते आहे. सारंगच्या दोन्ही हातांची दहा बोटं जागेवर आहेत. हे आधी सांगते, मग बाकीचं.

तू फोनवर काय ओरडलास ते तुला ठाऊक आहे. इकडे काय झालं ते तुला ऐकू आलं नाही, म्हणून सांगते.

रविवारी सकाळी मी मेथीच्या तीन जुड्या घेतल्या आणि त्या लोखंडी दारात प्लॅस्टिकचं स्टूल टाकून बसले. सारंग हातोडी घेऊन आला. म्हणाला, आजी, जरा सरक. मी म्हणाले, जुडी संपू दे. पहिली जुडी संपली. दुसरी घेतली. मेथी मी जन्मात एवढी नीट निवडली नव्हती, एकेक पान पुसत होते. तो आत-बाहेर फेऱ्या मारत होता. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता. त्याला राग आला नव्हता, यादव, त्याला भीती वाटत होती, आणि भ्यालेल्या माणसाला समोरचं माणूस दिसत नाही.

मग म्हणाला, "आजी, तुला वाचता येत नाही. तुला यातलं काय कळतं?"

 उत्तर दिलं असतं तर उठावं लागलं असतं. तिसरी जुडी घेतली.

तेवढ्यात फोन वाजला. प्रणिताने स्पीकर लावला. तुझा आवाज म्हणजे काय, भिंतीवरचं कॅलेंडर हललं. "सारंग, बोल्ट सुटा नाही. आत गोळी असू शकते. हात काढ, दार लाव, पोलिसांना बोलाव. मला उत्तर देऊ नकोस, मला ऐकू येत नाही."

तो म्हणाला, "हो आजोबा, पण मी ते…" तू पुन्हा पहिल्यापासून सुरू केलंस. त्याने मध्ये काही सांगायचं बघितलं. तू तिसऱ्यांदा सुरू केलंस. ज्याला ऐकू येत नाही त्याला थापा मारता येत नाहीत, हे सारंगला तेव्हा उमगलं असावं. चौथ्या खेपेला तो भिंतीला टेकून खाली बसला. हातोडी मी घेतली आणि मेथीच्या टोपलीत ठेवली. पोलिसांना फोन प्रणिताने लावला.

अर्ध्या तासात आमच्या मजल्यावरचे सगळे खाली आणले. जाड कपडे घातलेले दोघे वर गेले. समोरची चिनी शेजारीण माझ्या शेजारी बाकावर बसून राहिली. तिने मला तिचा पंखा दिला. मला तिचं बोलणं कळत नाही, तिला माझं, तरी आम्ही बराच वेळ बोललो. ते दोघे पेटी घेऊन खाली आले, गाडीत ठेवली, गेले. आत गोळी होती की नाही, ते कोणी सांगितलं नाही. आम्ही विचारलं नाही.

इथे संपलं असतं तर मी तुला आज हसवलं असतं.

पोलिसांनी सारंगला विचारलं, हे कधी सापडलं? तो म्हणाला, काल. शनिवारी.

प्रणिता शेजारी उभी होती. ती गप्प राहिली. आता लिहिताना रडते आहे. कागदावर डाग दिसला तर तो चहाचा नाही.

परवा, गुरुवारी, मला आणि प्रणितालाही ठाण्यात बोलावलं आहे. हिंदी बोलणारी एक बाई देणार आहेत. सारंग काल माझ्या पायाशी येऊन बसला. म्हणाला, आजी, एवढा एकच शब्द सांग. शनिवार. सहा आठवडे लपवलं म्हटलं तर पास जाईल, नोकरी जाईल, महिन्याभरात सामान बांधून निघावं लागेल. पुण्याच्या घराचे हप्ते त्याच्या बापाच्या पेन्शनवर भागायचे नाहीत. सगळं खरं आहे. त्याच्या डोळ्यांखाली काळं झालं आहे. त्याला मी मांडीवर झोपवलेलं आहे.

पण यादव, तुम्ही सही करता. मी अंगठा देते. तो माझ्या बोटावर आहे, उद्या मी म्हणू शकत नाही की तो माझा नाही.

तुझं उत्तर गुरुवारच्या आधी येणार नाही. तरी सांगून ठेवलं.

वहिनी


सातारा
गुरुवार, १७ एप्रिल २०१४

ती. वहिनींस,

हे मिळेल तेव्हा तुम्ही ठाण्यात सांगून आठवड्याहून जास्त दिवस झालेले असतील. तेव्हा हा सल्ला नाही. हे माझं आहे.

१९७८ साली आमच्या वर्कशॉपमध्ये एक रायफल आली, बोल्ट जाम. तिला लावलेल्या बिल्ल्यावर 'रिकामी' असं लिहून सही करायचं काम माझं. जेवणाची सुट्टी व्हायला पाच मिनिटं होती. मी न बघता सही केली. माझ्याबरोबर उल्हास म्हणून एक नाईक होता. माझ्या सहीवर विश्वास ठेवून त्याने ठोकलं. उजव्या हाताची तीन बोटं गेली.

चौकशीत मला विचारलं, तपासली होती? मी म्हणालो, होय साहेब, नीट तपासली होती. मग कागदावर चूक त्याची ठरली. तो घरी गेला. मला बढती मिळाली. तो फलटणजवळ राहतो. साताऱ्याहून दोन तासांची एसटी आहे. छत्तीस वर्षांत मी ती पकडली नाही.

तुमचं पहिलं पत्र आलं तेव्हा मी पुन्हा तेच केलं. चित्र खटकलं होतं, तरी तेल आणि हातोडी लिहून खाली सही केली.

सारंगवर रागावू नका. तो वाईट नाही. मीही नव्हतो.

यादव


वुडलँड्स
रविवार, २७ एप्रिल २०१४

चि. यादवास,
जय भीम आणि अनेक आशीर्वाद.

आज सारंग लिहितो आहे. मीच बसवला आहे. तुझं पत्र काल प्रणिताने मोठ्याने वाचलं, सारंग समोर होता.  वाचून झाल्यावर तो उठून भांडी घासायला लागला. घासलेलीच होती.

दहा तारखेचं सांगते. टॅक्सीत मी त्याला म्हणाले, "मी खोटं सांगणार नाही. पण तुझ्या आधी सांगणार नाही. मला बोलवायच्या आत तू जा." त्याने बाहेर बघितलं. पूर्ण रस्ताभर बाहेरच बघत होता.

ठाण्यात पोचल्यावर त्याने तिथल्या माणसाला काहीतरी इंग्रजीत सांगितलं आणि तो आत गेला. मी आणि प्रणिता खुर्च्यांवर बसलो. समोर घड्याळ होतं. मला आकडे वाचता येत नाहीत, पण मोठा काटा खालून वर गेला आणि पुन्हा खाली आला. प्रणिताने माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी रुतली.

मग मला बोलावलं. हिंदी बोलणारी बाई कानपूरची होती, मला मांजी म्हणाली. हे लोखंड पहिल्यांदा कधी बघितलंत, असं विचारलं. मी म्हणाले, फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी, आमच्या घरात, माझ्या हातात घेऊन. साहेबाने लिहून घेतलं. त्याच्या चेहऱ्यावरून मला काही कळलं नाही. मग कागद पुढे केला, अंगठा द्या म्हणाले. मी म्हणाले, आधी वाचून दाखवा. त्या बाईने वाचलं. मी म्हणाले, आता पुन्हा वाचा, शेवटून वर. ती हसली, पण तिने वाचलं. सांगितलं तेवढंच होतं, कमी नाही आणि जास्त नाही. मग दिला अंगठा.

सारंगला आत काय विचारलं आणि तो काय म्हणाला, ते मी विचारलं नाही. त्याने सांगितलं नाही. प्रणिताने विचारलं असेल तर ते त्या दोघांचं. आजीच्या आधी आत गेलो तेव्हा मी सहा आठवडे झाले असं सांगितलं, आणि चित्र मीच बदललं हेही.

अजून चौकशी चालू आहे. कंपनीने बेटाचा पास काढून घेतला आहे. तो शहरातल्या ऑफिसात बसतो, आणि तिथे त्याला काम देत नाहीत, नुसतं बसवतात. नव्या पासाचं उत्तर आलेलं नाही. येईल तेव्हा येईल. प्रमोदला, त्याच्या बापाला, सारंगनेच फोन करून सगळं सांगितलं. कसं सांगितलं ते मला ऐकू आलं, पण लिहायला नको. तो जेवतो आता. थोडं, पण जेवतो. लिफ्ट वाजली की अजून दचकतो.

मी वीस मेला विमानात बसते आहे. आल्यावर दोन दिवस आराम, आणि तिसऱ्या दिवशी तू आणि मी फलटणच्या गाडीत. तू 'नको' म्हणशील, पण मला तुझं 'नको' ऐकू येणार नाही. उल्हासला काय सांगायचं ते तूच सांग. मी नुसती शेजारी बसेन.

आता प्रणिता हे वाचून दाखवेल, मग पाकीट बंद.

तुझी वहिनी,
शांताबाई

ता. क. आजींना वाचून दाखवलं. त्यांनी सांगितलं नव्हतं असं एक वाक्य यात आहे. त्या म्हणाल्या, पुन्हा वाच, म्हणून मी ते पुन्हा वाचलं. खोडू का, असं विचारलं. म्हणाल्या, राहू दे. पाकीट सारंग चिकटवतो आहे. — प्रणिता